अधिकार हाती येताना : रूझवेल्ट, १९३३

अमेरिकेत १९३३ पर्यंत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरात होई आणि शपथविधी ४ मार्चला. अठराव्या शतकात ही व्यवस्था ठरली तेव्हा तिच्यात काही वावगे नव्हते. मतांचे कागद घोड्यावरून राजधानीत यायचे, निवडून आलेल्या माणसाने घरदार आणि शेतीवाडी मार्गी लावून चिखलाच्या रस्त्याने निघायचे. त्याला चार महिने काही फार नव्हते. पुढे रेल्वे आली, तारायंत्र आले, टेलिफोन आणि रेडिओही आला. तारीख मात्र जागची हलली नाही. या चार महिन्यांत देशाला एका अर्थाने दोन राष्ट्राध्यक्ष असत आणि एका अर्थाने एकही नसे. एकाकडे अधिकार असे, पण त्याचे ऐकायला कोणी तयार नसे. दुसऱ्याचे ऐकायला सगळे उत्सुक असत, पण त्याला साधा हुकूमही काढता येत नसे. अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आले आणि त्यांनी शपथ घेण्यापूर्वीच सात राज्ये संघराज्यातून फुटून निघाली. राज्यांना फुटण्याचा हक्क नाही, मात्र त्यांना बळाने अडवण्याचा अधिकार आपल्यालाही नाही, अशी भूमिका घेऊन मावळते अध्यक्ष बुकॅनन बसून राहिले.

भारतीय वाचकाच्या मनात ‘राष्ट्रपती’ या शब्दाने वेगळे चित्र उभे राहते. भारतात कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ करते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष स्वतः कारभार करतो आणि ठरलेली चार वर्षे संपेपर्यंत कायदेमंडळ त्याला अविश्वासाच्या ठरावाने काढू शकत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा फरक नेमका दाखवला होता. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक आणि जबाबदारी कमी, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक आणि स्थैर्य कमी, असे त्यांचे विवेचन होते आणि घटनाकारांनी जबाबदारीच्या बाजूने कौल दिला. अमेरिकन पद्धतीतल्या स्थैर्याची एक किंमत मात्र सहसा कोणी मोजत नाही. ती मुदत सुरू होण्याच्या वेळी मोजावी लागते. नव्या अध्यक्षाला माणसे, माहिती, कायद्याचा आधार आणि लोकांचा भरवसा या चारही गोष्टी एकदम लागतात. निवडणूक जिंकल्याने त्यांतली एकही आपोआप हाती येत नाही. हे फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या बाबतीत जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसले असेल.

८ नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४२ राज्ये जिंकली. त्यांना ४७२ आणि सत्तेवर असलेले रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांना ५९ निर्वाचक मते मिळाली. कौल एवढा साफ असला तरी तो कशासाठी आहे हे साफ नव्हते. देशातला दर चौथा कामगार बेकार होता. तीन वर्षांत हजारो बँका बुडाल्या होत्या. लोकांनी हूवर यांना घालवले एवढे नक्की. रूझवेल्ट यांनी प्रचारात ‘न्यू डील’चा, म्हणजे नव्या व्यवहाराचा, शब्द दिला होता आणि त्याच दमात सरकारी खर्चात मोठ्या कपातीचाही. दोन्ही आश्वासने एकाच वेळी पाळता येणार नाहीत, हे त्या वेळी फारसे कोणी बोलत नव्हते.

हूवर आणि रूझवेल्ट यांची भेट २२ नोव्हेंबरला व्हाइट हाउसमध्ये झाली. विषय होता युरोपकडून यायच्या युद्धकर्जाच्या हप्त्यांचा. हूवर यांच्याकडे आकडे तोंडपाठ होते, रूझवेल्ट यांच्या हातात प्रश्न लिहिलेली टिपणे होती. बैठकीतून काहीच निघाले नाही. हूवर यांना वाटले, हा माणूस उथळ आहे; रूझवेल्ट यांना वाटले, आपल्याला सापळ्यात ओढले जात आहे. डिसेंबरात ब्रिटनने हप्ता भरला, फ्रान्सने चुकवला. खरे संकट मात्र त्या टेबलावर नव्हतेच. ते डेट्रॉइटमध्ये शिजत होते.

मोटारींच्या त्या शहरात युनियन गार्डियन ट्रस्ट ही बँक डबघाईला आली. सरकारी कर्ज मिळायचे तर बड्या ठेवीदारांनी आपल्या ठेवी मागे ठेवायला हव्या होत्या. सर्वांत मोठा ठेवीदार हेन्री फोर्ड. त्यांनी नकार दिला. १४ फेब्रुवारी १९३३ रोजी मिशिगनचे गव्हर्नर विल्यम कॉमस्टॉक यांनी राज्यातल्या सगळ्या बँका आठ दिवस बंद ठेवण्याचा हुकूम काढला. एका राज्यात असे होऊ शकते म्हटल्यावर शेजारच्या राज्यातला ठेवीदार कशाला थांबेल? बँकांपुढे रांगा लागल्या. लोक नोटा घेऊन घरी जाऊ लागले आणि ज्यांना जमेल ते नोटा देऊन सोने घेऊ लागले.

दुसऱ्याच दिवशी, १५ फेब्रुवारीला, मायामीच्या बेफ्रंट पार्कमध्ये जुझेप्पे झांगारा नावाच्या माणसाने रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. रूझवेल्ट बचावले. मोटारीपाशी उभे असलेले शिकागोचे महापौर अँटन सेरमाक जखमी झाले आणि ६ मार्चला मरण पावले. निवडून आलेला अध्यक्ष शपथेपूर्वीच मेला तर काय करायचे, याचे उत्तर घटनेत जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, २३ जानेवारीला मंजुरी मिळालेल्या विसाव्या दुरुस्तीमुळे आले होते. याच दुरुस्तीने शपथविधी मार्चवरून २० जानेवारीवर आणला. नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस वर्षानुवर्षे तिच्यामागे लागले होते. नवी तारीख मात्र पुढच्या खेपेपासून, १९३७ पासून, लागू होणार होती. ज्या संकटात तिची सर्वाधिक गरज होती, त्याला ती थोडक्यात चुकली.

१८ फेब्रुवारीला हूवर यांनी रूझवेल्ट यांना स्वतःच्या हाताने लांबलचक पत्र लिहिले. लोकांचा विश्वास ढासळतो आहे, तेव्हा नव्या अध्यक्षांनी आताच जाहीर करावे की चलनाचे मूल्य घटवले जाणार नाही आणि अंदाजपत्रकाचा तोल सांभाळला जाईल, अशी त्यांची मागणी होती. पाकिटावर रूझवेल्ट यांचे नावही चुकीचे लिहिले गेले होते. दोनच दिवसांनी एका सिनेटरला लिहिलेल्या पत्रात हूवर यांनी कबूल केले की, हे आश्वासन देणे म्हणजे नव्या अध्यक्षांनी आपल्या कार्यक्रमाचा बहुतेक सगळा भाग सोडून देणे होय. रूझवेल्ट यांचे उत्तर १ मार्चला पोहोचले. मधल्या काळात बँका एकामागून एक बंद होत होत्या.

रूझवेल्ट यांच्या या गप्प राहण्याबद्दल इतिहासकारांत आजही दोन तट आहेत. अधिकार नसताना जबाबदारी घ्यायची नाही, हे रूझवेल्ट यांचे म्हणणे घटनेच्या दृष्टीने बिनतोड होते. राजकारणाच्या दृष्टीनेही ते सोयीचे होते. पडझड जितकी हूवर यांच्या खात्यावर जमा होईल तितकी बरी. पण या दोन्हींपेक्षा वजनदार असे एक तिसरे कारण आहे. डॉलर सोन्याच्या तुलनेत स्वस्त केला जाणार, ही बाजारातली भीती खोटी नव्हती. एप्रिलमध्ये रूझवेल्ट यांनी लोकांना जवळचे सोने सरकारजमा करायला लावले आणि जानेवारी १९३४ मध्ये सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला. फेब्रुवारीत त्यांनी हूवर यांना हवा तो शब्द दिला असता तर पुढे तो मोडावा लागला असता, नाहीतर हात बांधून घेऊन कारभार करावा लागला असता. तरीही त्या दोन आठवड्यांत ज्यांची पुंजी अडकली त्यांना या युक्तिवादाचे समाधान कितपत वाटले असेल, हा प्रश्न उरतोच.

माणसांच्या बाबतीतही शेवटपर्यंत ओढाताण होती. अर्थखात्यासाठी पहिली पसंती होती व्हर्जिनियाचे बुजुर्ग सिनेटर कार्टर ग्लास यांना. त्यांनी नकार दिला. मग ते पद विल्यम वूडिन यांच्याकडे गेले. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कंपनीचे प्रमुख असलेले हे गृहस्थ रिपब्लिकन पक्षाचे होते आणि फावल्या वेळात संगीतरचना करत. शपथविधीला वाजलेली एक धून त्यांचीच होती. ॲटर्नी जनरल, म्हणजे कायदामंत्री, म्हणून निवडलेले टॉमस वॉल्श वयाच्या ७३ व्या वर्षी नुकतेच लग्न करून वॉशिंग्टनला येत होते. २ मार्चला रेल्वेच्या डब्यातच त्यांचे निधन झाले. फिलिपिन्सला गव्हर्नर जनरल म्हणून जायला निघालेल्या होमर कमिंग्ज यांना ऐनवेळी थांबवून ते पद दिले गेले. ४ मार्चच्या संध्याकाळी न्यायमूर्ती कार्डोझो यांनी सगळ्या मंत्रिमंडळाला एकत्रच शपथ दिली. त्यात फ्रान्सिस पर्किन्स या देशातल्या पहिल्या महिला मंत्री होत्या.

शपथविधीच्या दिवशी पहाटे न्यूयॉर्क आणि इलिनॉय या दोन राज्यांनीही बँका बंद केल्या. देशाची पैशाची राजधानीच मिटली. भीतीखेरीज भिण्यासारखे काही नाही, हा रूझवेल्ट यांच्या भाषणातला विचार पुढे जगभर गाजला. त्या दिवशी श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला तो मात्र, गरज पडली तर युद्धकाळात मिळतात तसे अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकन कायदेमंडळाकडे, मागू, या वाक्यावर. श्रीमती रूझवेल्ट यांनाही त्या टाळ्यांची धास्ती वाटली होती. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला होता, हे लक्षात घेतले तर त्या धास्तीचा अर्थ कळतो.

पहिल्या सकाळची एक हकिकत रूझवेल्ट यांचे सल्लागार रेक्सफर्ड टगवेल यांनी लिहून ठेवली आहे. पोलिओने १९२१ पासून पाय निकामी झालेले रूझवेल्ट चाकांच्या खुर्चीतून कचेरीत आले. सेवकाने त्यांना टेबलापाशी नेऊन बसवले आणि तो निघून गेला. हूवर यांचे सगळे सामान रीतसर हलवले गेले होते. भिंती उघड्या, टेबल रिकामे. रूझवेल्ट यांनी खण उघडून पाहिले. काही टिपून घ्यावे तर कागद नाही, पेन्सिल नाही. कोणाला बोलवावे तर घंटीचे बटण सापडेना. उठून दारापर्यंत जाणे त्यांना शक्य नव्हते. काही वेळ ते तसेच बसून राहिले आणि मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी मोठ्याने हाक मारली. तेव्हा एका दारातून त्यांची सचिव मिस लहॅंड आणि दुसऱ्या दारातून सहायक मॅकिन्टायर धावत आले. हा प्रसंग रूझवेल्ट स्वतःच पुढे रंगवून सांगत, त्यामुळे त्यात थोडे तिखटमीठ असेलही.

तोवर अर्थखात्यात दिवे विझलेच नव्हते. तिथे काम करणाऱ्या माणसांची नावे पाहिली तर गंमत वाटते. हूवर यांचे अर्थमंत्री ओग्डेन मिल्स पद गेल्यावरही तिथेच होते. त्यांचे उपमंत्री आर्थर बॅलन्टाइन होते. बँकांचे नियंत्रक म्हणून काम पाहणारे फ्रान्सिस ऑल्ट होते. फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे कायदा सल्लागार वॉल्टर वायट होते. ज्या पक्षाला लोकांनी चार महिन्यांपूर्वी झिडकारले, त्याचीच ही माणसे नव्या अध्यक्षाचा पहिला मोठा निर्णय घडवत होती. दुसरे कोणी होतेच कुठे? कोणत्या बँकेच्या तिजोरीत काय आहे आणि कोणते तारण पोकळ आहे, हे त्यांना ठाऊक होते. नव्या मंडळींना ते शिकायला महिने लागले असते. पुढे सल्लागार रेमंड मोली यांनी लिहिले की, त्या दिवसांत आपण डेमोक्रॅट आहोत की रिपब्लिकन हे सगळे विसरून गेले होते.

कायद्याचा आधारही असाच जुन्या अडगळीतून काढला. १९१७ च्या युद्धात शत्रूशी व्यापार रोखण्यासाठी केलेल्या कायद्याचे एक कलम सोने आणि चलनाच्या व्यवहारांवर बंधने घालण्याचा अधिकार अध्यक्षाला देत होते. युद्ध केव्हाच संपले होते. ते कलम अजून जिवंत आहे का, याबद्दल हूवर यांच्या कायदामंत्र्यांना शंका होती, म्हणून हूवर यांनी रूझवेल्ट यांची संमती असल्याशिवाय पाऊल उचलले नाही आणि रूझवेल्ट यांनी ती दिली नाही. नवे कायदामंत्री कमिंग्ज यांनी मात्र त्याच कलमाचा अर्थ अनुकूल लावला. हूवर यांच्या काळात तयार झालेल्या मसुद्यावरच हात फिरवून ६ मार्चच्या पहाटे जाहीरनामा निघाला. सोमवारपासून देशातल्या सगळ्या बँका बंद. नाव ठेवले ‘बँक हॉलिडे’. आपत्तीला सुट्टी म्हणण्यातली चतुराई दाद देण्यासारखी होती.

त्या आठवड्यात लोकांनी रोख पैशावाचून दिवस काढले. किराणा दुकानदार वहीवर मांडून माल देत. काही गावांनी आणि कारखान्यांनी पैशाच्या ऐवजी चालणाऱ्या चिठ्ठ्या छापल्या. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौशी मुष्टियोद्ध्यांची स्पर्धा होती. तिकीट ५० सेंटचे. आयोजकांनी तेवढ्या किमतीची वस्तू चालेल असे जाहीर केले आणि लोक साबण, सिगारेटी, टोप्या घेऊन आले.

सरकारनेही अशाच चिठ्ठ्या काढाव्यात असा विचार जोरात होता. वूडिन यांनी एक रात्र त्यावर डोके खपवले. मोली सांगतात, मध्येच त्यांनी थोडी डुलकी घेतली, थोडा वेळ गिटार वाजवली आणि सकाळी निर्णय सांगितला : चिठ्ठ्या नकोत, खऱ्या नोटाच छापायच्या. दिसायला पैशासारखा असेल तो पैसा लोक घेतील. जुन्याच छापांवरून रात्रंदिवस नोटा छापून विमानांनी शहरोशहरी धाडल्या.

९ मार्चला दुपारी काँग्रेसचे खास अधिवेशन भरले. विधेयकाच्या प्रती छापायला वेळ मिळाला नव्हता. प्रतिनिधीगृहात समितीचे अध्यक्ष हेन्री स्टीगल यांच्या हातात होती तेवढी एकच प्रत, तीही पेन्सिलीने दुरुस्त केलेली. ती त्यांनी मोठ्याने वाचली. चर्चेला चाळीस मिनिटे मिळाली आणि विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले. सिनेटने ७३ विरुद्ध ७ मतांनी ते मान्य केले. रात्री साडेआठच्या सुमारास त्यावर अध्यक्षांची सही झाली. कायद्याच्या पहिल्या भागाने अध्यक्षांनी ४ मार्चपासून केलेल्या सगळ्या कृतींना मागल्या तारखेपासून मान्यता दिली. म्हणजे सहाव्या तारखेला जो अधिकार संशयास्पद होता, तो नवव्या तारखेला कायदेशीर झाला. लोकप्रतिनिधींनी न वाचलेला कायदा अशा रीतीने मंजूर करावा हे लोकशाहीला शोभण्यासारखे नव्हते, आणि तिथे बसलेल्यांपैकी अनेकांना ते कळतही होते.

यानंतर उरले ते अवघड काम. कोणती बँक उघडायची? धडधाकट, दुबळी पण तगण्याजोगी आणि बुडालेली असे वर्ग पाडले गेले. पण हजारो बँकांची नीट तपासणी चार दिवसांत होणे शक्यच नव्हते. कॅलिफोर्नियातल्या बँक ऑफ अमेरिकेचा तिढा या घाईचे रूप दाखवतो. तिच्या चारशेहून अधिक शाखा आणि सुमारे दहा लाख ठेवीदार होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे प्रमुख जॉन कॅल्किन्स यांचे मत ती उघडू नये असे होते. वूडिन यांनी त्यांना फोनवर विचारले, ती बंद ठेवण्याची जबाबदारी तुम्ही घेता का? कॅल्किन्स तयार झाले नाहीत. बँक उघडली, आणि टिकली. हिशेबाच्या वह्यांवरून सुटत नव्हता तो प्रश्न जबाबदारी कोणाची एवढ्या एका सवालावर सुटला.

आता राहिला तो लोकांचा भरवसा. तो कायद्याने मिळत नाही. रविवारी, १२ मार्चला, रात्री दहा वाजता रूझवेल्ट रेडिओवर बोलले. तुम्ही बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत पडून नसतो, बँक तो कर्जात आणि रोख्यांत गुंतवते, त्यामुळे सगळे एकाच वेळी मागायला आले तर चांगली बँकही देऊ शकत नाही, हे त्यांनी पाव तासाच्या आत, आकड्यांचा मारा न करता समजावले. ज्या बँका उघडतील त्या सुरक्षित असतील, हेही सांगितले. या भाषणाच्या मसुद्यावरही बॅलन्टाइन यांचा हात होता. रूझवेल्ट यांनी आपल्या भाषेत तो उतरवला. एखाद्या रंगकऱ्याला, दुकानातल्या मुलीला समोर बसवून बोलावे तसे ते बोलले.

सोमवारी फेडरल रिझर्व्हच्या बारा शहरांतल्या बँका उघडल्या. रांगा पुन्हा लागल्या, मात्र पैसे भरण्यासाठी. महिना संपेपर्यंत घरोघरी दडवलेल्या नोटांपैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आल्या. १५ मार्चला शेअर बाजार उघडला तेव्हा डाउ निर्देशांक एका दिवसात १५ टक्क्यांहून अधिक चढला. एवढी टक्केवारी त्यानंतर एका दिवसात पुन्हा गाठली गेली नाही. हजाराहून अधिक बँका मात्र कायमच्याच बंद राहिल्या. त्यांच्या ठेवीदारांसाठी रेडिओवरचा आवाज उशिराच आला.

या यशाने मिळालेल्या दमावर रूझवेल्ट यांनी काँग्रेसला घरी जाऊ दिले नाही. पंधरा मोठे कायदे शंभर दिवसांत झाले. त्यांतला सुरुवातीचा एक कायदा सरकारी पगार आणि माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन कापणारा होता. म्हणजे आधी काटकसरीचे वचन पाळले गेले आणि मग खर्चाचे दरवाजे उघडले. तेव्हापासून प्रत्येक नव्या अध्यक्षाच्या मानेवर ‘पहिले शंभर दिवस’ हे ओझे बसले आहे. ते अन्यायाचे आहे. रूझवेल्ट यांना दोन्ही सभागृहांत प्रचंड बहुमत होते आणि भेदरलेला देश काहीही मान्य करायला तयार होता. आजच्या अध्यक्षाला सुमारे चार हजार राजकीय नेमणुका कराव्या लागतात. त्यांतल्या बाराशेहून अधिक नेमणुकांना सिनेटची संमती लागते. शंभर दिवसांत त्यांतल्या बहुतेक खुर्च्या रिकाम्याच असतात. जॉन केनेडी यांनी शपथ घेतल्यावर नव्वद दिवसांच्या आतच क्यूबातल्या बे ऑफ पिग्जवरच्या स्वारीची फजिती झाली. ती योजना आधीच्या सरकारच्या काळात आखलेली होती. रूझवेल्ट यांना मिल्स आणि बॅलन्टाइन यांच्याकडून वारशाने सुटका मिळाली, तर इथे वारशाने खड्डा मिळाला. वारसा तपासून घ्यायला लागणारी माणसे हाताशी नसणे, ही अडचण मात्र दोन्हीकडे एकच होती.

अधिवेशन संपताना, १६ जून १९३३ रोजी, रूझवेल्ट यांनी सही केलेल्या कायद्यांत दोन महत्त्वाचे होते. पहिला राष्ट्रीय औद्योगिक पुनरुत्थान कायदा. उद्योगांनी भाव, मजुरी आणि कामाचे तास आपसांत ठरवावेत आणि सरकारने त्यांना कायद्याचे बळ द्यावे, ही त्यामागची कल्पना रूझवेल्ट यांना फार मोलाची वाटत होती. ब्रुकलिनमधल्या कोंबड्यांच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या खटल्यात २७ मे १९३५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो मोडीत काढला. न्यायमूर्तींची संख्या वाढवून न्यायालयाला वाकवण्याचा रूझवेल्ट यांचा १९३७ चा प्रयत्न त्यांच्याच पक्षाच्या सिनेटरांनी हाणून पाडला, आणि तोही ४६ राज्ये जिंकून ते दुसऱ्यांदा निवडून आल्यावर.

दुसरा बँकिंग कायदा. त्यात ठेवींच्या विम्याची तरतूद होती आणि ती रूझवेल्ट यांना नको होती. चांगल्या बँकांनी वाईट बँकांचा भुर्दंड का सोसावा, असे त्यांचे मत होते. ती कायद्यात आली एकच प्रत हातात धरून उभे राहिलेल्या स्टीगल यांच्या हट्टाने आणि सिनेटर आर्थर व्हॅन्डनबर्ग यांच्या दुरुस्तीने. हे व्हॅन्डनबर्ग रिपब्लिकन पक्षाचे आणि बँकांना पहिले कुलूप लागले त्या मिशिगनचे. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले. त्या वर्षभरात विमा उतरवलेल्या बँकांपैकी नऊ बुडाल्या. भारतात अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर असाच कायदा १९६१ मध्ये झाला. १ जानेवारी १९६२ पासून ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंतचा विमा मिळू लागला.